आधी पोरीला, मग मला

आर्डलोगीतल्या बहुतेक प्रत्येक घरातलं जिन्याखालचं कपाट हेक्टर यूलनं आतून पाहिलेलं होतं. एकतीस वर्षं तो विजेचे मीटर वाचत हिंडला आणि आमच्याकडे मीटर असतो तो त्या कपाटातच. त्यामुळे कोण बायकोपासून व्हिस्की लपवतो, कोणी मेलेल्या नवऱ्याचे बूट अजून पुसून ठेवते, कोणाकडे कधीच न लागलेला पाळणा घडी घालून ठेवलाय, हे सगळं त्याला माहीत होतं. त्यातला एक शब्दही त्याच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. माझ्या कपाटात काय होतं तेही त्यानं पाहिलंय आणि ते मीही इथं सांगणार नाही.

मी इना डथी. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते आणि हेक्टरच्या चार निवडणुका मी सांभाळल्या. निवडणूक सांभाळणं म्हणजे अर्ज भरणं, पत्रकं मोजून देणं, कोणी कुठल्या गल्लीत जायचं ते ठरवणं आणि पावसात भिजून आलेल्यांना सूप पाजणं. पहिल्या तीन निवडणुका तो जिंकला. चौथीची ही हकिकत आहे. ती सांगताना मला अजूनही राग येतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही.

दिसायला म्हणाल तर बांबूसारखा उंच, पण कपाटांत शिरून शिरून खांद्यात वाकलेला. बायको नेटा फार लवकर गेली, मूलबाळ नाही. चोविसाव्या वर्षी तो स्वातंत्र्यवाल्यांच्या, म्हणजे लंडनपासून वेगळं होऊ म्हणणाऱ्यांच्या पक्षात आला. तेव्हा आमची शाखा म्हणजे चार माणसं आणि एक कुत्रा, आणि चारांतल्या दोघांचं आपसात पटत नव्हतं. लोक हसायचे. हेक्टर त्यांच्याबरोबर हसायचा आणि पुढच्या दाराशी जायचा. झेंडे, पिपाण्या, चेहऱ्याला निळा रंग, यातलं काही त्याला आवडायचं नाही. “आपल्या घराचं दार आपण उघडायचं, आपण लावायचं,” एवढंच त्याचं म्हणणं. “शेजारी चांगला असला म्हणून काय किल्ली त्याच्याकडे ठेवायची?”

दोन हजार चौदा साली स्वातंत्र्य हवं की नको यावर देशभर मत घेतलं गेलं आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेतली निम्मी माणसं अंथरुणातून उठली नाहीत. हेक्टर नेहमीसारखा मीटर वाचायला गेला. पहिलंच घर मिसेस रेटीचं, जिच्या खिडकीत महिनाभर ‘नको’चा फलक होता. तिनं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि न विचारता चहा टाकला. दोघं स्वयंपाकघरात बसून तो चहा प्यायले, आणि शेवटपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. हे मला मिसेस रेटीनंच सांगितलं, आणि सांगताना ती रडली. त्यानंतरच्या निवडणुकीत तिनं हेक्टरला मत दिलं. “स्वातंत्र्याला नाही हं,” ती म्हणाली, “हेक्टरला.”

तर हा असा माणूस. जिल्ह्याच्या कौन्सिलात निवडून जाऊन त्यानं पंधरा वर्षांत काय केलं म्हणाल तर फारसं मोठं काही नाही. गटारं, दिवे, शाळेसमोरचा रस्ता ओलांडायची जागा. आणि बर्नसाइड.

बर्नसाइड म्हणजे आमच्या गावातलं कौन्सिलचं म्हाताऱ्यांचं घर. ओढ्याकाठी, एकमजली, सतरा खोल्या. तिथं राहणाऱ्यांना खिडकीतून आपलं जुनं घर नाही तर निदान आपलं चर्च तरी दिसायचं. हेक्टर दर गुरुवारी तिथं जायचा, कारण तिथं गेडिसबाई होत्या. गेडिसबाईंनी अर्ध्या गावाला लिहायला शिकवलं, हेक्टरलाही शिकवलं. आता वय एक्क्याण्णव, पाय गेलेले, डोकं शाबूत. सदुसष्ट वर्षांचा हेक्टर त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहायचा, आणि त्या म्हणायच्या, “सरळ उभा राहा, यूल.”

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत कळलं की बर्नसाइड बंद करायचं घाटतंय. कौन्सिलात सत्ता आमच्याच पक्षाची, म्हणजे बंद करणारे आम्हीच. छप्पर जुनं झालंय, परवडत नाही, म्हाताऱ्यांना बावीस मैलांवरच्या नव्या घरात हलवू, असं ठरत होतं. शाखेच्या बैठकीला जिल्ह्याहून पक्षाचा संघटक आला होता, फ्रेझर पिरी नावाचा. तीस-बत्तीस वर्षांचा, आणि उंटावरचा शहाणा कसा असतो ते बघायचं असेल तर यालाच बघावं. तो म्हणाला, “दोष आपला नाही, लंडनचा आहे. ते पैसे कापतात म्हणून आपल्याला खर्च कापावा लागतो. स्वातंत्र्य आलं की अशी घरं बंद करायची वेळच येणार नाही.”

“येईल तेव्हा येईल,” हेक्टर शांतपणे म्हणाला. “गेडिसबाई एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. मी बर्नसाइड बंद करायच्या विरुद्ध मत देणार. आधी सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.”

पक्षाविरुद्ध तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला. पिरीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बर्नसाइडवरचं मतदान जूनमध्ये, मेमधल्या निवडणुकीनंतरच्या नव्या कौन्सिलात व्हायचं होतं. एकोणतीस सदस्यांत एकेका मताला किंमत होती, हे आम्ही बोटं मोजून काढलं होतं. हेक्टर निवडून आला तर बर्नसाइड वाचत होतं. इतकं ते साधं होतं.

मग पिरीनं त्याची योजना काढली. आमच्या प्रभागात तीन जागा. आजवर एक आमची, एक मजूर पक्षाची, एक हुजूर पक्षाची. पिरी म्हणाला, या वेळी वारं आपल्या बाजूचं आहे, आपण दोन उमेदवार उभे करू आणि दोन जागा घेऊ. दुसरी उमेदवार म्हणून रोवन बेअर्ड नावाची सव्वीस वर्षांची मुलगी आणली. चुणचुणीत, मनानं चांगली. आर्डलोगीत तिची फक्त आत्या राहायची.

आता आमच्याकडे कौन्सिलचं मत कसं देतात ते सांगायला हवं. फुली मारायची नाही, आकडे घालायचे. सगळ्यात आवडता त्याला एक, त्याच्या खालोखाल दोन, असं. निवडून यायला एक ठरलेली संख्या लागते. कोणाला ती गाठता आली नाही, तर सगळ्यात तळाचा उमेदवार बाद करतात आणि त्याची मतं ज्याला दोन नंबर असेल त्याला जातात. म्हणजे पहिले नंबर कमी पडले की माणूस आधीच गळतो, मग त्याला दोन नंबर गावभर का मिळालेले असेनात.

म्हणून एकाच पक्षाचे दोघं उभे असले की गाव वाटून घ्यायचं. पिरीनं नकाशावर मिल रोडवरून रेघ ओढली. रस्त्याच्या खालच्या बाजूनं हेक्टरला एक, रोवनला दोन. वरच्या बाजूनं रोवनला एक, हेक्टरला दोन. वरची बाजू मोठी होती.

“हेक्टरला सगळे ओळखतात,” पिरी म्हणाला. “वरच्या बाजूचेही पुष्कळ जण आपोआप त्यालाच एक देतील. पोरीला आधार द्यायला हवा.”

“पोरगी मतपत्रिकेवर सगळ्यात वर आहे,” मी म्हटलं. “आडनावं एबीसीडीनं लावतात, बेअर्ड वर, यूल तळाला. पक्षाचं चिन्ह बघून आकडे घालणारा माणूस वरून खाली येतो रे. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांचा एक नंबर तिलाच जाणार. हेक्टरला मोठी बाजू द्या.”

“मिसेस डथी, आम्ही याचा अभ्यास केलाय.”

“मी पण केलाय. तीनशे पोरांना रोज जेवायला वाढलंय. पहिलं भांडं आधी संपतं.”

मी हेक्टरकडे पाहिलं. त्यानं एक शब्द टाकला असता तरी रेघ हलली असती. तो म्हणाला, “दोन जागा आल्या तर एडिंबरातल्या आपल्या सरकारला दिसेल, लंडनलाही दिसेल. मी एका जागेसाठी भांडत बसलो तर चाळीस वर्षं काय केलं म्हणायचं?”

हेच त्याचं चुकलं. आमच्या लोकांचं नेहमी असंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारलं नाही म्हणून, कोणी काही मागितलं की आम्ही आधी स्वतःचंच देऊन टाकतो. आणि हेक्टरनं ते अर्धवट केलं नाही. पिरीचा हिशेब असा होता की वरच्या बाजूचे लोक थोडे ऐकतील, थोडे नाही. हेक्टर स्वतः दारोदार जाऊन त्यांना ऐकायला लावील, हे त्याच्या अभ्यासात नव्हतं.

एप्रिलभर तो वरच्या बाजूला फिरला. मी त्याच्याबरोबर होते, म्हणून कानानं ऐकलंय.

“पंधरा वर्षं तुला मत देतोय,” डेव्ही कॉर्मॅक म्हणाला. डेव्ही म्हणजे गावातला तोंडाळ. “आता ही कोण काढलीस?”

“चांगली पोरगी आहे, डेव्ही. आधी तिला, मग मला.”

“चांगली असेल. माझ्या गल्लीचं गटार ती बघणार का?”

“दोघं मिळून बघू.”

“आणि तुमचं ते स्वातंत्र्य आलं की गटार आपोआप वाहणार वाटतं?”

“नाही रे. पण मग शिव्या कोणाला घालायच्या ते तरी नक्की कळेल.”

डेव्ही हसला. “बरं बाबा, आधी तिला. तू म्हणतोस म्हणून हं.”

असं घरामागून घर. ‘तू म्हणतोस म्हणून.’ मी दर फाटकाशी हेक्टरच्या बाहीला हिसका द्यायचे. “अरे, हे तुझे आहेत. यांना तरी सोड.” तो म्हणायचा, “रेघ म्हणजे रेघ, इना. खालच्या बाजूला तिची माणसं मला देताहेत ना, मग मी इथं लबाडी करू?” खालच्या बाजूला तिची माणसं म्हणजे तिची आत्या आणि आत्येचा नवरा.

बर्नसाइड मिल रोडच्या वरच्या बाजूला होतं.

मी म्हटलं, निदान तिथं तरी जाऊ नकोस. तो गुरुवार होता, तो गेलाच. चहाच्या वेळी सगळे मोठ्या खोलीत बसले होते आणि टपालाची मतपत्रं नुकतीच आली होती. हेक्टर टोपी काढून उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं.

गेडिसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “यूल, मी आजवर तुला पहिला क्रमांक देत आले. तू वर्गात कधी पहिला आला नाहीस, तरी.”

“या वेळी तिला पहिला द्या, बाई. मला दुसरा.”

“आणि या घराचं?”

“दोघं निवडून येऊ. मग दोन मतं होतील.”

“हिशेब तपासून पाहिलास?”

“पक्षानं पाहिलाय, बाई.”

बाईंनी मान डोलावली. मी दारात उभी होते. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी पाऊस नव्हता. मीही वरच्या बाजूलाच राहते. शाळेच्या हॉलमध्ये पेन्सिल हातात घेऊन मी पुष्कळ वेळ उभी राहिले आणि मग हेक्टरसमोर एक लिहिलं. चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याचा शब्द मोडला तो तेवढाच. घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो बिचारा सकाळीच जाऊन रोवनला एक देऊन आला होता. हेक्टरही वरच्याच बाजूला राहायचा. बाहेर आल्यावर मी विचारलं, “तू कोणाला दिलास?” तो म्हणाला, “रेघ म्हणजे रेघ.” त्यानं स्वतःला दुसरा नंबर दिला होता.

मोजणी शुक्रवारी, जिल्ह्याच्या गावी, खेळाच्या हॉलमध्ये. आता मोजणी यंत्रं करतात. कागद सुर्रकन आत जातात आणि पडद्यावर आकडे येतात. पहिल्या पडद्यावर मजूर पक्षाचा माणूस निवडून आला होता. रोवन ठरलेल्या संख्येच्या अगदी जवळ होती, थोडी कमी. हुजूर पक्षाचा तिच्या खाली. मग अपक्ष उभा राहिलेला सँडी मच, आमच्या गावचा खाटीक. आणि तळाला हेक्टर, सँडीपेक्षा अकरा मतांनी कमी.

तळाचा बाद होतो. यंत्रानं हेक्टरला बाद केलं आणि त्याची मतं रोवनकडे गेली, म्हणजे तिला निवडूनही त्यानंच आणलं. तिसरी जागा हुजूर पक्षाकडे राहिली. आमची एक होती, एकच राहिली, फक्त माणूस बदलला. सँडी मच आमच्याजवळ आला. त्याचा चेहरा पडला होता. “हेक्टर, मी आधी गळालो असतो तर माझी बहुतेक मतं तुझ्याकडेच येऊन तू निवडून आला असतास रे. मी सगळ्यांना तुला दुसरा नंबर द्या म्हणून सांगितलं होतं.”

हेक्टरनं त्याचा हात दाबला. मग रोवनकडे जाऊन तिचं अभिनंदन केलं. मग तो आपला कोट शोधू लागला. खुर्च्यांवर, टेबलाखाली, सगळीकडे शोधला. कोट त्याच्या अंगातच होता. मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

पिरी फाटकाशी भेटला. “गणितानं दगा दिला,” म्हणाला.

“गणिताचं नाव घेऊ नकोस,” मी म्हटलं. “ते तिथं पडद्यावर बरोबर आहे.”

फेब्रुवारीतलं ते वहीतलं लिहिणं आठवून पुष्कळ दिवस मला वाटायचं, यानं हे मुद्दाम केलं, पक्षाविरुद्ध जाणारा माणूस काढून टाकला. आता तसं वाटत नाही. तेवढी अक्कल त्याला नव्हती. मुद्दाम केलं असतं तर निदान कोणाचा तरी गळा धरता आला असता.

जूनमध्ये बर्नसाइड बंद करायचा ठराव पंधरा विरुद्ध चौदा मतांनी मंजूर झाला. रोवननं पक्षाबरोबर मत दिलं. नंतर ती हेक्टरच्या घरी आली आणि रडली. “मला वेगळं मत द्यायची परवानगीच नव्हती,” म्हणाली. हेक्टरनं तिला चहा दिला. मी तिथं होते, मी दिला नसता. पुढच्या वर्षी तिला एडिंबराला बरी नोकरी लागली.

बर्नसाइड हळूहळू रिकामं झालं. एकेक खोली, एकेक गाडी. दोघं तर जायच्या आधीच वारले. शेवटची गाडी नोव्हेंबरात निघाली, ज्या आठवड्यात लंडनच्या न्यायालयानं सांगितलं की स्वातंत्र्य हवं का, असं आपल्याच लोकांना विचारायचाही अधिकार एडिंबराला नाही. मी हेक्टरला विचारलं, ऐकलंस का? “ऐकलं,” एवढंच म्हणाला. पूर्वी या बातमीवर तो तीन दिवस बोलला असता. आता त्यानं मान वळवली आणि बाईंची पेटी उचलली. हा माणूस आता कशाचीच वाट बघत नव्हता.

गेडिसबाई शेवटच्या गाडीत होत्या. चाकांच्या खुर्चीसकट त्यांना आत चढवलं, पट्टे लावले. मांडीवर घोंगडी, त्यावर पर्स. हेक्टर टोपी काढून दाराशी उभा होता.

“बावीस मैल म्हणजे काही लांब नाही, बाई,” तो म्हणाला. “गुरुवारी येईन.”

“तुला बस दोनदा बदलावी लागते. बघितलंय मी.” मग त्यांना काही आठवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “तुला सांगायचं राहूनच गेलं, यूल. मतदानाचं मी तुझं ऐकलं बरं का.”

“काय, बाई?”

“आधी पोरीला, मग तुला. आणि मी एकटीनंच नाही. त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना बसवलं आणि एकेकाकडून करून घेतलं. विलीला आकडे दिसत नव्हते, त्याला माझं भिंग दिलं. जीन ऐकत नव्हती. ती म्हणे मी हेक्टरलाच एक देणार. तिला म्हटलं, तो स्वतः सांगून गेलाय ना? मग मुकाट्यानं लिही. चौदा जणांनी मत दिलं, चौदाच्या चौदा तसंच. एक चूक नाही.”

हेक्टर कपाटात शिरताना वाकायचा तसा वाकला आणि त्यानं बाईंची घोंगडी नीट केली. ती नीटच होती.

“पैकीच्या पैकी, बाई,” तो म्हणाला.

बाई खूश झाल्या. गाडीबरोबर आलेल्या मदतनीस मुलीनं दार लावलं आणि गाडी ओढ्यावरच्या पुलावरून गेली.

मी माझ्या गाडीचं दार उघडून उभी राहिले. हेक्टर आला नाही. तो रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून तिथंच उभा होता, टोपी अजून हातात. निदान मी तरी तुला पहिला नंबर दिला होता, हे सांगायची तीच वेळ होती. मला ते सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं की मग कळत होतं तर आणखी बारा जणांना का नाही सांगितलंस.

“अकराच ना, इना?” त्यानं विचारलं.

आकडा त्याला माझ्याइतकाच पाठ होता. मी हो म्हटलं.